परसातील पशुधन आणि अमेरिकेचे काळे अस्वल

'काळे अस्वल' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या मनात मेळघाटचे किंवा ताडोबाचे अस्वल उभे करतो. ते अस्वल, म्हणजे मेलुर्सस उर्सिनस, वाळवी, मुंग्या, मोहाची फुले, बोरे आणि उंबरे यांवर जगणारे आहे. माणसाशी त्याची अवचित गाठ पडली तर ती पुष्कळदा रक्तरंजित ठरते. परंतु गोठ्यातील शेळीकडे किंवा खुराड्यातील कोंबडीकडे ते सहसा वळत नाही. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील हिमालयीन काळे अस्वल मक्याची शेते आणि फळबागा लुटते व प्रसंगी मेंढ्याही मारते. ते उर्सस थिबेटानस या जातीचे होय. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले उर्सस अमेरिकानस हे या दोहोंहून भिन्न असून अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत आढळते. त्याचे नाव काळे असले तरी रंग काळाच असतो असे नाही. पश्चिमेकडील पर्वतांत तपकिरी, दालचिनीच्या रंगाची आणि क्वचित पिंगट अस्वलेही याच जातीची असतात.

या अस्वलाचा आणि घरामागील परसात पाळलेल्या कोंबड्या, शेळ्या, मेंढ्या, डुकरे व ससे यांचा जो संघर्ष गेल्या काही दशकांत वाढला आहे, तो वरवर पाहता शिकारी पशू आणि त्याचे भक्ष्य यांच्यातील सनातन वैरासारखा दिसतो. वस्तुतः तसे नाही. या संघर्षाचे मूळ शिकारीत नसून धान्याच्या पोत्यात आहे, आणि त्याचा शेवट बहुधा कोंबडीच्या मृत्यूने होत नाही, तर अस्वलाच्या मृत्यूने होतो. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे संरक्षणाच्या उपायांचा क्रम बदलतो.

संघर्षाची पार्श्वभूमी

न्यू इंग्लंड व त्याच्या आसपासच्या राज्यांतील अरण्ये एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. पुढे शेती पश्चिमेच्या सुपीक मैदानांकडे सरकली, डोंगराळ भागातील शेते ओस पडली आणि त्यांवर पुन्हा वन उभे राहिले. वनापाठोपाठ अस्वल परतले. न्यू जर्सी हे अमेरिकेतील सर्वांत दाट लोकवस्तीचे राज्य. तेथे १९७०च्या सुमारास वायव्येच्या कोपऱ्यात मोजकीच अस्वले उरली होती. आज त्या राज्याच्या एकवीसही काउंट्यांत अस्वल दिसल्याच्या नोंदी आहेत.

परंतु परतलेल्या अस्वलास मिळालेले वन पूर्वीचे नव्हते. पूर्व अमेरिकेच्या डोंगरांतील अमेरिकन चेस्टनट हा वृक्ष दरवर्षी बहुतेक निश्चितपणे फळत असे. इ. स. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात त्याच्यावर परदेशातून आलेला एक बुरशीजन्य रोग दिसून आला आणि अर्ध्या शतकाच्या आत या जातीचे जवळजवळ सर्व मोठे वृक्ष नष्ट झाले. त्याची जागा मुख्यतः ओक वृक्षांनी घेतली. ओकचा बहर लहरी असतो. एका वर्षी जमिनीवर फळांचा सडा पडतो, तर दुसऱ्या वर्षी ती शोधूनही सापडत नाहीत. अशा रीतीने अस्वलाच्या शरदातील भरवशाचा आधार गेला आणि त्याचे जीवन ऋतूच्या कृपेवर पूर्वीहून अधिक अवलंबून राहू लागले.

याच सुमारास मानवी वस्तीतही बदल घडत होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कुक्कुटपालन हा मोठ्या कारखानदारी शेतांचा व्यवसाय झाला होता आणि अनेक नगरांत परसात कोंबड्या पाळण्यास बंदी होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक नगरांनी हे नियम सैल केले. २०२०च्या साथीच्या काळात पिल्लांना एकाएकी मागणी आली. २०२२पासून पक्षिज्वरामुळे अंड्यांचे भाव भडकले, तेव्हा ती पुन्हा वाढली. कोंबड्या पाळणारा हा नवा वर्ग शेतकऱ्यांचा नव्हता. चार-सहा कोंबड्या, बाजारातून आणलेले लाकडी खुराडे, त्याला जाळीचे दार, आणि शेजारीच खाद्याचे पोते हा त्याचा सरंजाम. असे खुराडे कोल्ह्याला आणि रॅकूनला अडवू शकते. अस्वलाला ते अडवू शकत नाही. त्याच्या पंजापुढे फळ्या आणि खिळे यांचा टिकाव लागत नाही, आणि षट्कोनी छिद्रांची कोंबडीजाळी तर कागदाप्रमाणे फाटते.

भुकेचा हिशेब

काळ्या अस्वलाच्या आहाराचा फार मोठा भाग वनस्पतिजन्य असतो. वसंतात कोवळे गवत व अंकुर, उन्हाळ्यात मुंग्या, त्यांची अंडी व रसाळ फळे, शरदात ओक, बीच व हेझल यांची कवचफळे असा त्याचा क्रम आहे. मांस तो सोडत नाही. हरणाची नवजात पाडसे सापडली तर मारतो आणि मेलेले जनावर मिळाले तर खातो. परंतु पाठलाग करून मोठे सावज पाडणे हा त्याचा नित्याचा मार्ग नव्हे.

शीतनिद्रेपूर्वीच्या आठवड्यांत हा प्राणी असाधारण भुकेच्या अवस्थेत शिरतो. या काळात तो दिवसातील वीस तासांपर्यंत चरत राहतो आणि रोज पंधरा ते वीस हजार किलोकॅलरी ग्रहण करतो. मादीच्या बाबतीत या चरबीवर आणखी एका गोष्टीचा निर्णय अवलंबून असतो. तिचा समागम जून-जुलैत होतो. परंतु फलित बीज गर्भाशयात रुजण्याची क्रिया नोव्हेंबरच्या सुमारापर्यंत लांबते. तोपर्यंत पुरेशी चरबी साठली नसेल तर गर्भ राहतच नाही. पिल्ले जानेवारीच्या सुमारास गुहेत जन्मतात, आणि आई त्या काळात काहीही न खाता त्यांना दूध पाजते. शरदातील अस्वलास खादाड म्हणून हसण्यापूर्वी हे शरीरशास्त्र आठवावे.

आता ब्ल्यूबेरीच्या शंभर ग्रॅम फळांत सुमारे ५७ किलोकॅलरी असतात. पंधरा हजारांची बेरीज केवळ या फळांवर करावयाची तर अस्वलास एका दिवसात २६ किलोग्रॅमहून अधिक फळे झुडुपाझुडुपांतून वेचावी लागतील. उलट, कोंबड्यांच्या मिश्रखाद्याचे अमेरिकेत प्रचलित असलेले पन्नास पौंडांचे, म्हणजे सुमारे २३ किलोग्रॅमचे, एक पोते घेतले तर त्यात ढोबळ मानाने साठ हजार किलोकॅलरी भरतात. तीन-चार दिवसांच्या अविश्रांत श्रमांचे फळ एका जागी, बहुधा पत्र्याच्या छपराखाली आणि कुलुपाविना ठेवलेले असते. पाखरांसाठी टांगलेले सूर्यफुलाचे बी, कचऱ्याची पेटी, झाडाखाली सडणारी सफरचंदे आणि मांस भाजण्याच्या शेगडीवरील चरबी ही याच मालिकेतील प्रलोभने होत. अस्वलाचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असल्याने या सर्वांची वार्ता त्याला दुरूनच लागते.

खुराड्याशी अस्वल प्रथम येते ते पुष्कळदा या खाद्यासाठी. तेथे आल्यावर अंडी सापडतात. आणि बंद जागेत फडफडणारी कोंबडी, जी रानात त्याच्या हाती कधी लागली नसती, ती विनासायास मिळते. एकदा ही चव कळली की पुढच्या वेळी पोते उचलून ठेवलेले असले तरी अस्वल खुराडे फोडते. पशुधनाच्या रक्षणाचा विचार पशूंपासून नव्हे, तर त्यांच्या खाद्यापासून सुरू व्हावा असे जे तज्ज्ञ सांगतात त्याचे कारण हेच आहे. खाद्य धातूच्या बंदिस्त पेटीत व शक्यतो पक्क्या खोलीत ठेवणे, दिवसाअखेर उरलेले दाणे झाडून काढणे, अंडी रोज गोळा करणे या बाबी क्षुल्लक वाटतात. शेळ्यामेंढ्यांच्या बाबतीत त्यात आणखी एकीची भर पडते: विण्याच्या वेळी पडणारी वार आणि मेलेली कोकरे तत्काळ दूर नेऊन पुरणे. त्यांचा वास वसंतात गुहेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अस्वलास सरळ वाड्यापाशी आणतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मेलेल्या मेंढीजवळ अस्वलाच्या पावलांचे ठसे आढळले म्हणजे ती अस्वलानेच मारली असे होत नाही. ते कोणाचेही उष्टे खाणारे आहे. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर कातड्याखाली रक्त साकळलेले आढळते. मेल्यानंतरच्या चाव्याने तसे होत नाही. म्हणून तपासनीस कातडे सोलून मान व पाठ पाहतात. ही साधी तपासणी न करता दिलेले अनेक निवाडे संशयास्पद असतात, आणि त्यांवर आधारलेले नुकसानीचे आकडेही त्याच प्रमाणात सावधपणे घ्यावे लागतात.

सवय, शिक्षण आणि शिक्षा

अस्वल परसात येऊ लागले म्हणजे घरमालक वन्यजीव खात्यास कळवतो आणि 'त्याला पकडून दूर सोडा' अशी मागणी करतो. ही मागणी दयाळूपणाची वाटते. परंतु काळ्या अस्वलाची घराकडे परतण्याची शक्ती विलक्षण आहे. शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर सोडलेली अस्वले परत आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. जी परतत नाहीत त्यांना अनोळखी प्रदेशात, तेथील अस्वलांच्या स्पर्धेत, अन्न शोधावे लागते. ती पुष्कळदा रस्त्यावर मरतात किंवा दुसऱ्या कोणाच्या परसात प्रकट होतात. कोलोरॅडो राज्याने १९८५ साली 'दोन अपराधां'चे धोरण स्वीकारले. त्यानुसार पहिल्या वेळी अस्वलाच्या कानात बिल्ला अडकवून त्यास दूर सोडावयाचे आणि दुसऱ्या वेळी ठार करावयाचे. पहिल्या अपराधाचे कारण असलेले पोते किंवा कचरापेटी मात्र या हिशेबात कोठेच नव्हती.

अस्वलास धाक दाखवून सुधारण्याचे प्रयोगही झाले. नेवाडा राज्यात, ताहो सरोवराच्या परिसरात, बेकमन, लॅकी व बर्जर यांनी वस्तीत शिरणाऱ्या ६२ अस्वलांना पकडून सोडताना रबरी गोळ्या, मिरचीचा फवारा, स्फोटक आवाज आणि काही बाबतींत कुत्रे यांचा उपयोग केला. २००४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष निराशाजनक होते. ६२ पैकी ५७ अस्वले वस्तीत परतली आणि त्यांतील बहुसंख्य तर चाळीस दिवसांच्या आतच. कारण उघड आहे. शिक्षा क्षणाची होती; बक्षीस मात्र रोज रात्री त्याच जागी ठेवलेले होते.

ही सवय पिल्ले आईपासून शिकतात काय, हा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे. २००८ साली या विषयावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. मझूर व सेहेर यांनी योसेमिटी व सेक्वोया राष्ट्रीय उद्यानांत केलेल्या निरीक्षणांवरून पिल्ले आईचे अन्नशोधाचे मार्ग उचलतात असे दाखविले. ब्रेक व सहकाऱ्यांनी मात्र आनुवंशिक नातेसंबंध तपासले, तेव्हा उपद्रवी मातांची पिल्ले हटकून उपद्रवी निघतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन्ही निष्कर्षांत अंतर्विरोधच आहे असे मानण्याचे कारण नाही. अस्वल एकट्यानेही शिकण्याइतके चतुर असेल, तर आईकडून शिकलेले आणि न शिकलेले असा भेद लोकसंख्येच्या पातळीवर पुसट होणारच. पशुपालकाच्या दृष्टीने त्याचे तात्पर्य एवढेच की एखादे 'वाईट वंशाचे' अस्वल मारून प्रश्न सुटत नाही. त्याची जागा घेणारे दुसरेही तेच शिकते.

आशेला जागा देणारी बाजूही आहे. कोलोरॅडोतील ॲस्पेन येथे बारूख-मोर्डो व सहकाऱ्यांनी आणि पुढे डुरँगो येथे हेदर जॉन्सन व सहकाऱ्यांनी अस्वलांच्या गळ्यात संदेशक पट्टे बांधून अनेक वर्षे त्यांचा माग ठेवला. रानात अन्नाचा दुष्काळ पडलेल्या वर्षी अस्वले वस्तीत शिरली. परंतु पुढील चांगल्या वर्षी त्यांतील पुष्कळशी पुन्हा रानाकडे वळली. 'एकदा बिघडलेले अस्वल कायमचे बिघडले' हा समज यामुळे डळमळीत झाला. दुष्काळाच्या वर्षी त्याला वस्तीत काय भेटते, हाच प्रश्न मग निर्णायक ठरतो. डुरँगोच्या परिसरात २०१२ साली रानमेवा बुडाला. त्या अन्नटंचाईनंतर तेथील माद्यांची संख्या निम्म्याहून कमी, नेमके सांगावयाचे तर ५७ टक्क्यांनी घटलेली आढळली. वाहनांखाली आणि माणसांच्या हातून झालेले मृत्यू हे तिचे प्रमुख कारण होते. एका वाईट हंगामात इतकी हानी झाली, आणि ती भरून येण्यास मंद गतीने वाढणाऱ्या या जातीला कित्येक वर्षे लागतात. त्याच नगराच्या काही भागांत २०१३ साली हजाराहून अधिक अस्वलरोधी कचरापेट्या वाटण्यात आल्या. तेथे कचऱ्यासंबंधीचे संघर्ष इतर भागांच्या तुलनेने सुमारे ६० टक्क्यांनी कमी राहिले.

विजेचे कुंपण

खाद्य बंदिस्त केल्यावरही कोंबड्या आणि शेळ्या उरतातच, व त्यांना पेटीत बंद करता येत नाही. त्यांच्यासाठी विजेचे कुंपण हा आजवर सर्वाधिक विश्वसनीय ठरलेला उपाय होय. मधमाश्या पाळणाऱ्यांनी तो फार पूर्वीपासून स्वीकारला आहे; पोळ्यातील मधाइतक्याच अळ्याही अस्वलास प्रिय असतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास रानडुकरे आणि नीलगाय यांच्यासाठी वापरले जाणारे 'झटका मशीन' परिचित आहे, तत्त्व तेच. विदर्भात काही ठिकाणी घरगुती वीज थेट तारेत सोडण्याचा जो बेकायदा प्रकार घडतो आणि ज्यात वाघ, हत्ती व माणसेही मेली आहेत, त्याच्याशी या उपायाचा काहीही संबंध नाही. येथे तारेत अखंड प्रवाह नसतो. साधारणतः सेकंदास एक याप्रमाणे अत्यंत अल्पकाळाचे, उच्च दाबाचे स्पंद सोडले जातात; ते वेदना देतात, जीव घेत नाहीत.

हे यंत्र निवडताना दोन राशींचा घोटाळा होतो. दाब, म्हणजे व्होल्ट, हा स्पंद केसांच्या थरातून त्वचेपर्यंत पोचेल की नाही हे ठरवतो. ज्यूलमध्ये मोजली जाणारी ऊर्जा त्या धक्क्याची तीव्रता आणि गवताला तार टेकली असताही दाब टिकून राहण्याची क्षमता ठरवते. अस्वलासाठी कुंपणाच्या सर्वांत दूरच्या टोकाशीही दाब पाच हजार व्होल्टच्या खाली जाऊ नये. सहा-सात हजार असल्यास उत्तम. यंत्राची स्पंद-ऊर्जा किमान अर्धा ज्यूल, आणि साधल्यास एक ज्यूल असावी. बाजारात कोंबड्यांच्या जाळीबरोबर मिळणारी छोटी सौरयंत्रे कोल्ह्याला पुरतात. घनदाट केसांच्या दीडशे किलोच्या प्राण्यास त्यांची जाणीवही होत नाही.

तारांची रचना जातीच्या वर्तनावरून ठरते. अस्वल अडथळ्याखालून खणण्याचा किंवा तारांमधून घुसण्याचा प्रयत्न प्रथम करते, उडी सहसा मारीत नाही. म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणि त्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने आणखी चार, अशा एकूण पाच तारा लावतात. सर्वांत वरची साधारण कंबरेच्या उंचीवर येते. कुंपण खुराड्याच्या भिंतीस चिकटून नसावे. हातभर अंतर सोडले नाही तर अस्वल बाहेर उभे राहून पंजा आत घालते. कुंपणावर ओथंबलेल्या फांद्याही छाटाव्या लागतात, कारण काळे अस्वल झाडावर चढण्यात पटाईत असते.

बहुतेक अपयशाचे कारण मात्र तारांत नसून जमिनीत असते. धक्का बसण्यासाठी प्रवाह तारेतून प्राण्याच्या देहात, तेथून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईद्वारे यंत्राकडे परतावा लागतो. रॉकी पर्वतातील उन्हाळ्यातील कोरडी, खडकाळ माती किंवा हिवाळ्यातील भुसभुशीत बर्फ हा परतीचा मार्ग जवळजवळ बंद करतात, आणि अस्वलाचे तळवेही जाड व कोरडे असतात. यावर उपाय म्हणजे सुमारे दोन मीटरच्या सळया खोल ओलाव्यापर्यंत ठोकणे. आणि तेही साधत नसेल तर एक तार यंत्राच्या जिवंत टोकास, तर लगतची तार अर्थिंगला, अशी आळीपाळीने जोडणी करणे. दोन तारांमधून डोके घालणाऱ्या अस्वलाचा देह मग दोहोंना एकदम स्पर्श करतो आणि मंडल मातीच्या मदतीवाचून पूर्ण होते.

त्यापुढील प्रश्न देहाच्या कोणत्या भागास स्पर्श होतो हा आहे. नाक व जीभ ओली आणि केसरहित असतात. तेथे धक्का बसलेले अस्वल झटकन मागे हटते. खांदा किंवा पाठ प्रथम टेकली तर एक तर केसांमुळे काही जाणवत नाही, किंवा धक्का बसताच घाबरून ते पुढे, म्हणजे कुंपणाच्या आत, उसळते. नाकच प्रथम तारेस लागावे यासाठी जिवंत तारेवर धातूच्या पातळ पत्रीचे तुकडे टांगून त्यांवर भुईमुगाचे लोणी किंवा खारवलेल्या मांसाची चरबी लावतात. सर्व प्रलोभने दूर करा असे बजावणाऱ्या शास्त्राने येथे स्वतःच प्रलोभन टांगावे, हे विसंगत वाटते. परंतु अस्वलाने या जागेविषयी शिकावयाचा पहिला धडा कोणता, हे या तुकड्याने निश्चित होते. अर्थात तार मृत असताना हे आमिष लावले तर नेमका उलट धडा दिला जातो.

यावरून कुंपणाची वेळ हा मुद्दा पुढे येतो. कोंबड्या गमावल्यावर दुसऱ्या दिवशी कुंपण घालणारे घरमालक पुष्कळ आहेत, आणि 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण त्यांच्या बाबतीत दुहेरी अर्थाने खरी ठरते. नुकसान तर झालेच, शिवाय ज्या अस्वलाने आतील अन्न चाखले आहे त्याला थांबवणे न चाखलेल्या अस्वलाला थांबवण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते. आतील प्राप्ती ठाऊक असल्याने ते एक-दोन धक्के सोसण्यास तयार असते. अशा वेळी यंत्राची शक्ती, तारांची संख्या आणि देखरेख तिन्ही वाढवावी लागतात.

देखरेखीत खंड पडू नये ही अपेक्षा सर्वांत कष्टाची आहे. वाढलेले गवत तारेस टेकले की दाब गळतो. दार बंद करताना जोडाची कडी अडकवायची राहते. विजेरीची शक्ती संपते. दाबमापकाने आठवड्यातून एकदा तरी तपासणी करावी आणि कुंपण दिवसरात्र चालू ठेवावे. माणसांच्या शेजारी राहणारी अस्वले अधिक निशाचर होतात असे ताहोच्या अभ्यासात दिसले आहे; पण त्यावरून दिवस सुरक्षित ठरत नाही.

कुत्रा, दिवे, आवाज करणारी यंत्रे यांच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. हालचालीने पेटणारा दिवा काही रात्री उपयोगी पडतो, मग अस्वल त्याला सरावते. मोठ्या कळपांबरोबर राहणारे, त्यासाठीच वाढविलेले राखणदार कुत्रे डोंगरकुरणांवर मोलाचे ठरतात. चार कोंबड्यांच्या परसातील घरगुती कुत्रा मात्र अस्वलाचा पाठलाग करून त्यास स्वतःच्या मालकाकडेच वळवण्याचा संभव असतो.

कायदा आणि किंमत

कुंपणाचा खर्च बहुतेक ठिकाणी पशुपालकावर पडतो, आणि गमावलेल्या सहा कोंबड्यांची किंमत त्याहून पुष्कळ कमी असते. केवळ पैशाचा हिशेब मांडणारा माणूस म्हणून कुंपण घालीतच नाही. नव्या कोंबड्या विकत आणतो. या हिशेबात अस्वलाचा जीव धरला जात नाही, कारण तो कोणाच्याच खात्यावर नसतो. हे ओळखून काही संस्था कुंपणखर्चाचा भाग उचलतात. मोंटाना राज्यात २०१०पासून 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या संस्थेने निम्म्या खर्चापर्यंत साहाय्य देऊ केले. ते तपकिरी ग्रिझली अस्वलासाठी होते, तथापि कुंपण दोन्ही जातींत भेद करीत नाही.

पशुधनावर प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या अस्वलास ठार करण्याची मुभा अनेक राज्यांत आहे. कनेक्टिकट येथे अस्वलाची शिकार वैध नाही. तेथे २०२३ साली झालेल्या कायद्याने एकीकडे अस्वलांना हेतुपुरस्सर खाऊ घालण्यास मनाई केली, तर दुसरीकडे पशुधन व पिके यांचे नुकसान करणाऱ्या अस्वलास मारण्यासाठी परवान्याची तरतूद केली. 'हेतुपुरस्सर' या शब्दाची व्याप्ती येथे कळीची आहे. पाखरांचे दाणे टांगणारा किंवा खाद्याचे पोते उघड्यावर ठेवणारा मनुष्य अस्वलास खाऊ घालण्याचा हेतू बाळगीत नाही. अस्वलाच्या दृष्टीने मात्र त्यात काही फरक नसतो.

परंपरेने विजेचे कुंपण पहिला बर्फ पडून अस्वले गुहेत गेली की उतरवीत आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उभारीत. या दिनदर्शिकेवर आता विसंबता येत नाही. डुरँगो येथील अस्वलांचा अभ्यास सांगतो की हिवाळ्यातील किमान तापमान एक अंश सेल्सियसने वाढले तर शीतनिद्रा सुमारे सहा दिवसांनी आखूड होते, आणि वस्तीतील अन्न खाणारी अस्वले तर तिला आणखी कमी करतात. डिसेंबरातही ज्या परसात दाणे पडलेले असतात, तेथील अस्वलास झोपी जाण्याचे कारणच उरत नाही. अशा ठिकाणी कुंपण हिवाळाभर चालू ठेवावे लागते, आणि बर्फावर अर्थिंग चालत नसल्याने ते आळीपाळीच्या तारांचेच असावे लागते.